ओळीच्या टोकाची गाठ

माझं अक्षर चांगलं आहे, सगळं झालं ते त्यामुळं. वाईट असतं तर आमच्या हॉटेलच्या मॅनेजर विजयश्री मॅडमनी पहिल्याच दिवशी माझ्या हातातला खडू काढून घेतला असता आणि मी आज हे सांगत बसले नसते.

चाकणच्या हॉटेलांची एक रीत आहे. इथं फिरायला म्हणून कोणी येत नाही. येतात ते कंपन्यांचे साहेब, मशीन बसवायला आलेले इंजिनिअर, माल पास-नापास करणारे. त्यांना दारातून आत शिरताना आपलं नाव वाचायला आवडतं. म्हणून आमच्या रिसेप्शनसमोर एक काळा फळा उभा असतो. त्यावर रोज सकाळी रंगीत खडूनं ‘हार्दिक स्वागत’ लिहायचं, खाली पाहुण्याचं नाव, कंपनी आणि विभाग. पाच महिने एकवीस दिवस तो फळा मी लिहीत होते. मी म्हणजे निशिगंधा, हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाची, फ्रंट डेस्कची इंटर्न. सहा महिने पूर्ण व्हायला नऊ दिवस उरले होते. नऊ दिवसांनी मॅडम माझ्या मूल्यमापनाच्या कागदावर सही करणार होत्या आणि मी सुटणार होते.

अक्षर मला अप्पांनी दिलं. अप्पा म्हणजे माझे वडील, दत्तोबा. धाराशिवकडून बावीस वर्षांपूर्वी इकडं आले आणि चिखलीतल्या चिमाजीशेठच्या वर्कशॉपमध्ये लागले. मालाची शेवटची तपासणी त्यांच्याकडं. गाडीच्या ब्रेकच्या पेडलला एक लोखंडी ब्रॅकेट असतो, तो तिथं बनतो. अप्पा प्रत्येक नगाच्या वाकणावरून अंगठ्याचं नख फिरवतात. केसाएवढी चीर असली तरी नखाला कळते म्हणे. घरी नवीन पातेलं आणलं तरी आधी नख फिरतं, मग दूध तापतं.

तपासलेल्या क्रेटला चिठ्ठी बांधायची. हिरवी म्हणजे पास, लाल म्हणजे नापास, पिवळी म्हणजे दुरुस्तीला. चिठ्ठीवरची प्रत्येक ओळ संपली की अप्पा शिरोरेघ पुढं ओढून खाली वळवतात आणि तिथं एक बारीक गाठ मारतात. लहानपणी मी विचारलं होतं, हे कशाला? म्हणाले, “माझ्या ओळीपुढं दुसऱ्या कुणी काही घुसडू नये म्हणून.” तेव्हापासून माझ्याही ओळीला गाठ असते. परीक्षेच्या पेपरातसुद्धा. एका सरांनी त्याबद्दल मला वर्गात उभं केलं होतं, तरी मी सोडली नाही. एकदा सवय लागली की लागली.

आता शिक्क्याचं सांगते, कारण जीव त्यातच अडकला होता. तपासणी करणाऱ्या प्रत्येकाला नंबराचा शिक्का असतो. अप्पांचा सात. क्रेटवर सात उमटला की त्याचा अर्थ, हा माल दत्तोबानं स्वतः बघितलाय. महिन्याभरापूर्वी शेठच्या पुतण्यानं, गणराजनं, त्यांना सांगितलं, “काका, शिक्का घरी नेऊ नका. दुसऱ्या शिफ्टला लागतो. माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवून जात जा.” दुसऱ्या शिफ्टला तपासणीला माणूसच नाही. सकाळी अप्पा कामावर गेले की त्यांनी न बघितलेल्या क्रेटांवर त्यांचाच सात उमटलेला असायचा. एकदा ते शेठना बोलले. शेठ म्हणाले, “दत्तोबा, वय झालं तुमचं. झेपत नसेल तर सांगा.” अप्पा गप्प बसले. आम्हाला हे त्यांनी जेवताना सांगितलं आणि आईनं विचारलं, “मग आता काय करायलाव?” तर म्हणाले, “पोरीचं शिक्षण होऊ दे.”

म्हणजे खापर माझ्या डोक्यावर! मला इतका राग आला की मी ताटावरून उठले. पण रागानं काय होतंय? उद्या त्या मालात खोट निघाली तर बोट सात नंबरकडं जाणार. आणि ह्या पट्ट्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. शिक्क्यावरून काढलेल्या माणसाला भोसरीपासून तळेगावपर्यंत कोणी गेटवर उभं करत नाही.

तर त्या मंगळवारी सकाळची शिफ्ट होती. सात वाजता चार्ज घेतला, रात्रपाळीच्या शेखर सरांनी पाहुण्यांची यादी हातात दिली आणि जांभया देत गेले. मी गुलाबी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं: ‘हार्दिक स्वागत. श्री. सबनीस.’ खाली एका मोठ्या गाडीच्या कंपनीचं नाव, ‘मुख्य कार्यालय, क्वालिटी विभाग.’ तिन्ही ओळींना गाठ. लांब उभं राहून बघितलं. छान दिसत होतं, खोटं कशाला बोलू.

आठ वाजता बाळू आला. बाळू आमच्या हॉटेलची गाडी चालवतो, इथल्याच शेजारच्या गावचा. फेरीच्या चिठ्ठीवर रिसेप्शनची सही लागते.

“ताई, सही मार पटकन. नवाला सायबाला न्यायचंय.”

सही करताना कुठं जायचंय ते वाचायचं असतं. सबनीस, नऊ वाजता, चिखली. आणि पुढं वर्कशॉपचं नाव. ते मी कागदावर कधी फारसं वाचलेलं नव्हतं, पण अप्पांच्या निळ्या शर्टाच्या खिशावर रोज वाचते. चिमाजीशेठचं वर्कशॉप.

पेन कागदावरच राहिलं.

“काय झालं गं? रस्ता म्हाईत हाय मला,” बाळू म्हणाला.

“काही नाही. घे.”

तो गेला. मी मनातल्या मनात हिशोब लावला. क्वालिटीचे साहेब, मुख्य कार्यालयातून, आणि अप्पा काल बोलले नाहीत की उद्या साहेब येणार आहेत. म्हणजे न सांगता येतायत. म्हणजे काल दुसऱ्या शिफ्टचा माल सात नंबर मारून तिथंच पडलेला असणार. दहा वाजता हा माणूस तो माल उचलून बघणार आणि विचारणार, सात नंबर कोण?

पहिल्या दिवशी मॅडमनी आम्हाला शपथ घातल्यासारखं सांगितलं होतं: फळ्यावर जातं तेवढंच बाहेर, बाकी पाहुण्याचं काम, खोली आणि वाट, तिन्ही गिळायचं. कशाला आलंय, कुठं उतरलंय, कुठं चाललंय, हे काउंटरपलीकडं गेलं की तुमची इंटर्नशिप त्याच दिवशी संपली. त्याला कारण आहे. आमच्या लॉबीत सोफ्यावर चहा पीत बसलेली निम्मी माणसं पाहुणे नसतातच. वर्कशॉपवाल्यांची माणसं असतात. कोण साहेब आला, कुणाकडं चालला, ह्याचा वास काढायला येतात.

आणि त्या सोफ्यावरून एक माणूस उठून माझ्याकडं येत होता. पांढरा शर्ट, गॉगल डोक्यावर. गणराज.

“अगं, तू दत्तोबाकाकांची ना? इथं आहेस होय!”

“गुड मॉर्निंग सर. काय मदत करू?”

“सर काय म्हणतेस, घरची माणसं आपण.” तो काउंटरवर कोपरं टेकून उभा राहिला. “फळा बघितला. सबनीस आलेत. क्वालिटीवाले.”

मी फळ्याकडं बघितलं. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा कसा पाडून घेतात ते मला तेव्हा दिसलं, गुलाबी अक्षरात.

“कुणाकडं चाललेत एवढंच सांग,” तो म्हणाला. “त्यांना माल देणारे आम्ही अकराजण आहोत. आमच्याकडं येणार असतील तर तासाभरात चार क्रेट इकडचे तिकडं करून ठेवतो. कुणाला त्रास नको.”

“पाहुण्यांची माहिती देता येत नाही, सर.”

“बघ बाई.” त्याचा आवाज खाली आला. “माझं काय जाणार? शिक्का काही माझ्या नंबरचा नाही. सातवर कुणाची सही आहे रजिस्टरला? तुझ्या बापाची. त्याच्याच भल्यासाठी विचारतोय.”

चोर तो चोर, वर शिरजोर! माझ्या हाताशी स्टेपलर होतं. खरंच सांगते, एक क्षण वाटलं हाणावं कपाळात. पण त्याहून वाईट हे होतं की तो बोलत होता ते बरोबर होतं. एक शब्द, ‘तुमच्याकडं’, एवढा जरी मी बोलले असते तरी माल हलला असता आणि अप्पा आजच्यापुरते सुटले असते. शब्द जिभेवर आला होता.

“चहा पाठवू का सर?” मी म्हणाले.

तो हसला. “बापासारखीच आहेस. ठीक आहे. गाडी निघेल तेव्हा मागं मागं येतो, कळेलच.” आणि बाहेर पार्किंगमध्ये जाऊन मोटारसायकलवर बसला.

मी यादी पुन्हा काढली. शेवटच्या रकान्यात शेखर सरांच्या मुंगीसारख्या अक्षरात लिहिलं होतं: ‘बोर्डवर नाव नको.’ आता बोंबला! वाचलंच नव्हतं. रोजची रीत म्हणून नाव दिसलं की फळ्यावर.

आठ वीस झाले होते. मॅडम साडेआठला यायच्या. मी काउंटर हाउसकीपिंगच्या सुप्रियाला दोन मिनिटं बघायला सांगितला आणि मागच्या बोळात गेले, जिथं धुवायच्या चादरी पडलेल्या असतात. अप्पांना फोन लावला. चार रिंग, पाच. वर्कशॉपमध्ये पत्रा वाकवणाऱ्या प्रेसच्या आवाजात काही ऐकू येत नाही. उचला हो, उचला. सातव्या रिंगला उचलला.

“काय गं? बरं आहे ना?”

“अप्पा, कंपनीचे क्वालिटीचे साहेब तुमच्याकडं यायलेत. इथून नऊला निघणार. कुणाला माहीत नाही. गणराज इथं हॉटेलात आहे, त्यालाही नाही.”

पलीकडं नुसता धाड धाड प्रेस. मला वाटलं फोन कटला.

“अप्पा?”

“गणराज तिथं आहे?” त्यांनी विचारलं.

“हो. पार्किंगमध्ये.”

“बरं.” मग म्हणाले, “हे बघ, तू मला फोन केलाच नाही. कळलं का? कुणी विचारलं तरी नाही.” आणि ठेवला.

मला हायसं वाटलं, आणि हे मी आत्ताच कबूल करून टाकते. मला वाटलं, चला, आता अप्पा तो माल मागच्या गाळ्यात ढकलतील, वर दोन पोती टाकतील, आणि साहेब चहा पिऊन परत येतील. नाव वाचलं, नोकरी वाचली. मी काय चांगलं काम केलंय असं वाटून मी बोळातून जवळजवळ पळतच आले.

फळा पुसायचा राहिला होता. ओलं फडकं घेतलं आणि ‘हार्दिक’वर फिरवणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

“पुसू नका. आता काय उपयोग?”

सबनीस साहेब. साठीला आलेले, बुटके, हातात जुनी चामड्याची बॅग. ते फळा वाचत होते, आणि सावकाश वाचत होते.

“तीन आठवडे मी कोणाला न कळू देता यायची तयारी करतोय,” ते म्हणाले. “ऑफिसातल्या माझ्या शेजारच्या टेबलाला माहीत नाही. आणि तुम्ही माझं नाव गुलाबी खडूनं दारात लिहिलंत.”

“सॉरी सर. माझी चूक झाली. सूचना मी वाचली नाही.”

“अक्षर सुंदर आहे. कोणाचं?”

“माझं, सर.”

“ही शेवटी काय नक्षी आहे?”

“सवय आहे, सर.”

तेवढ्यात विजयश्री मॅडम दारातून आत आल्या आणि त्यांनी एका नजरेत फळा, साहेब आणि माझ्या हातातलं फडकं बघितलं. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. त्या साहेबांची माफी मागायला लागल्या आणि माझ्याकडं बघतच नव्हत्या. मॅडम ओरडतात तेव्हा बरं असतं. बघत नाहीत तेव्हा कठीण.

“नाव वाचलं असेल कोणी. कुठं जातोय ते तरी कुणाला बोललात?” साहेबांनी मला सरळ विचारलं.

काउंटरवर कुणी विचारलं तेव्हा मी बोलले नव्हते. बोळात बोलले होते. “इथं काउंटरवर विचारलं होतं सर, मी सांगितलं नाही,” मी म्हणाले. खरं होतं ते, पण खोट्याहून वाईट खरं.

“मग नऊ कशाला? आत्ताच निघू. नाश्ता नको.”

पावणेनऊला गाडी गेटबाहेर पडली. तिच्या मागं मोटारसायकल. मी काचेतून बघत राहिले आणि मॅडम माझ्या शेजारी येऊन म्हणाल्या, “चार वाजता माझ्या केबिनमध्ये ये. तोपर्यंत तोंड हसरं ठेव.”

तोंड हसरं ठेवून सात तास काढणं म्हणजे काय ते ज्यानं काढलेत त्यालाच विचारा. नऊ चेकआउट झाले. एका पाहुण्याचा चार्जर हरवला, एकाला जैन नाश्ता हवा होता, एका बाईंनी मला पंधरा मिनिटं झापलं की गरम पाणी कोमट आहे. मी सगळ्यांना ‘शुअर सर’, ‘शुअर मॅम’. दोन वेळा बोळात जाऊन अप्पांना फोन लावला, बंद. आईला लावला तर ती म्हणाली, “माझाही त्यांना फोन लागत नाही. का गं, काय झालं?” काही नाही म्हणाले. पावणेनऊला निघालेली गाडी, मोशीला खोळंबा धरला तरी पावणेदहाला पोचली असणार. सव्वा तास मिळाला अप्पांना. चार क्रेट हलवायला सव्वा तास पुष्कळ झाला. मी स्वतःला हेच सांगत होते.

साडेतीनला गाडी आली. साहेब थेट मॅडमच्या केबिनकडं गेले. बाळू किल्ली टांगायला काउंटरवर आला आणि त्याच्यानं राहवेना.

“ताई, आज लई भारी बघितलं बग. आमी पोचलो तर गेट सताड उघडं. एक म्हातारा बाबा मधीच उभा.”

अप्पा चोपन्न वर्षांचे आहेत. म्हातारा!

“मागं क्रेटांची ही रांग. अकरा मोजले म्या. समद्यांवर लाल चिठ्ठ्या बांधलेल्या. सायबानं विचारलं, ह्ये काय? तर बाबा म्हणतो, ‘ह्या मालावर सात नंबरचा शिक्का हाय. सात नंबर मी. पण ह्यातला एकबी नग म्या बघितलेला न्हाई. आधी ह्ये बघा, मग आत या.’ अन् खिशातून शिक्का काढून सायबाच्या हातात दिला. कुणाच्यातरी ड्रॉवरमधून परत घेतला म्हणं, सकाळी मालक कुणी न्हवतं तवा.”

“मग?”

“मग काय! सायेब बसला उकिडवा, एकेक नग बघायला. तेवढ्यात त्यो मोटारसायकलवाला आला, मग शेठ आला सपातावरच. ही बोंबाबोंब! शेठ म्हणतो, बाबाच्या डोक्यावर परिणाम झालाय. बाबा नुसता उभा. शेवटी शेठ म्हणाला, उद्यापासनं येऊ नगंस. बाबा म्हणाला, व्हय. आन् डबा घेऊन चालत गेला, बग. मला तर वाटलं, ह्याला घरी सोडावा.”

मला रडू आलं नाही. लाज वाटली. मी फोन केला होता तो लपवायला. गणराज जे करायला निघाला होता तेच मी अप्पांकडून धरून चालले होते. माझ्यात आणि त्याच्यात फरक काय, तर त्याच्याकडं गॉगल होता.

केबिनचं दार उघडलं. मॅडमनी हातानं बोलावलं. सबनीस साहेब खुर्चीत बसले होते आणि टेबलावर एक लाल चिठ्ठी ठेवली होती, सुतळीसकट. त्यावर अप्पांचं अक्षर: ‘शिक्का ७. तपासलेले नाही. महिनाभर माहीत होते, बाहेर बोललो नाही.’ प्रत्येक ओळीच्या टोकाला गाठ.

“ही नक्षी मी आज दोनदा पाहिली,” साहेब म्हणाले. “सकाळी गुलाबी खडूत, मग ह्याच्यावर. वडील?”

“हो सर.”

“त्या माणसानं मला दिवसभर खरं सांगितलं. स्वतःच्या विरुद्ध जाणारंही. फक्त एकदा, मी विचारलं की मी येणार हे तुम्हाला कोणी कळवलं, तेव्हा खाली बघून म्हणाले, कोणी नाही, ह्या चिठ्ठ्या मी आज बांधणारच होतो.” त्यांनी चष्मा काढला. “माझा अहवाल त्यांच्या सांगण्यावर उभा आहे. म्हणून मला तुम्हाला विचारायचं आहे, तुम्ही कळवलंत का? जबरदस्ती नाही.”

मॅडम पहिल्यांदा माझ्याकडं बघत होत्या. त्यांच्यासमोर माझा मूल्यमापनाचा कागद होता, निळ्या फायलीत. साहेबांना आणि मॅडमना दोघांनाही ‘नाही’ चाललं असतं. अप्पांना तर तेच हवं होतं. एवढं खरं बोललेला माणूस एकच खोटं बोलला, आणि ते माझ्यासाठी. ते तसंच ठेवायचं, की मी त्याच्यापुढं आपली ओळ लिहायची?

“मी फोन केला,” मी म्हणाले. “आठ पंचवीसला, मागच्या बोळातून. कुठं जाणार ते सांगितलं. आणि सर, मला वाटलं होतं ते माल लपवतील. मी त्याच्यासाठीच केला. लाल चिठ्ठ्या हे त्यांचं आहे. माझं नाही.”

मग साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, “माल थांबवलाय. अकरापैकी सात क्रेटांत चीर निघाली. वेळेची माहिती आधी फुटली होती हे मला लिहावं लागेल. त्यांनी काय केलं तेही लिहीन. त्यांच्या नोकरीचं माझ्या हातात नाही.” उठताना ती चिठ्ठी त्यांनी बॅगेत ठेवली. पुरावा होता तो.

मॅडमनी त्यांना दारापर्यंत सोडलं आणि परत आल्या. “तू नाही म्हणाली असतीस तर मी विश्वास ठेवला असता,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज रागावलेला नव्हता, त्यामुळं जास्त लागलं. “पण आता ऐकलंय मी. उद्या मी दुसऱ्या मुलींना काय सांगू?” त्यांनी कागदावर शेरा लिहिला: पाहुण्याची माहिती बाहेर दिली. इंटर्नशिप अपूर्ण. सही केली, कागद मला दिला. नऊ दिवस राहिले होते. कॉलेजच्या नियमानं आता सहा महिने नव्यानं, दुसऱ्या हॉटेलात, कोणी घेतलं तर. मी ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं आणि जाता जाता फळा पुसला. फळा पुसणं माझंच काम होतं.

चिखलीला उतरले तेव्हा सहा वाजले होते. अप्पा घरासमोरच्या कट्ट्यावर बसले होते, निळा शर्ट अजून अंगात. दुपारपासून तिथंच बसलेत, असं आईनं दारातूनच खुणेनं सांगितलं. मी शेजारी बसले. कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, दोनदा वाचला, आणि सवयीनं त्याच्या कडेवरून नख फिरवलं.

“सांगितलंस होय?”

“हो.”

“मी नको म्हणलो होतो.”

“हो.”

“येडी आहेस,” ते म्हणाले. समोरच्या गाळ्यात कोणीतरी ग्राइंडर चालवत होतं. तो थांबला तेव्हा अप्पांनी विचारलं, “फोन केलास तेव्हा तुला काय वाटलं, मी काय करीन?”

मी पायातली चप्पल सारखी करायला लागले.

“खरं सांग. आज खरं बोलायचाच दिवस आहे.”

“लपवाल,” मी म्हणाले. आणि मग मात्र मला रडू आलं, ओक्साबोक्शी, रस्त्यातनं जाणारी माणसं बघायला लागली तरी थांबेना. अप्पांनी मला गप्प केलं नाही.

“चूक तुझी नाही,” ते हळूच म्हणाले. “महिनाभर मी वागलोच तसा. पोरीला बापाबद्दल दुसरं काय वाटावं?”

मी डोळे पुसले. त्यांच्या शर्टाच्या खिशातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा डोकावत होता, तसाच घरी आलेला. मला काय सुचलं कोण जाणे, मी विचारलं, “अप्पा, मी कुठली? लाल?”

त्यांनी माझ्याकडं बघितलं, तपासणीला आलेल्या नगाकडं बघतात तसं, नीट. मग गठ्ठ्यातनं एक पिवळी चिठ्ठी ओढली, पेन काढलं, मांडीवर ठेवून लिहिलं, आणि माझ्या मूल्यमापनाच्या कागदाला सुतळीनं बांधून परत दिली. ‘निशिगंधा. दुरुस्तीला ठेवली.’

मी चिठ्ठी उजेडाकडं धरली. शिरोरेघ सरळ ओढलेली होती आणि टोकाला काहीच नव्हतं.

“अप्पा, गाठ राहिली.”

“राहू दे,” अप्पा म्हणाले. “पुढचं तू लिहायचंयस.”